भिंतीवरची मापं

"मॅडम, आज गुरुवार. तुम्ही बोलणार नाही हे मला माहीत आहे, म्हणून मीच बोलते," म्हणत नसीम लॅबमध्ये आली, दप्तर खाली ठेवलं आणि माझ्या टेबलाला लागून असलेल्या संगणकापुढे बसली. "दुपारपर्यंत मला दम निघत नाही. काल प्रोग्राम पुरा झाला. कागदावर तरी चालतोय."

साडेदहा वाजले होते. मी कीबोर्ड उलटे करून झटकत होते, ते झटकत राहिले.

गुरुवारी सूर्योदयापासून दुपारी बाराच्या नैवेद्यापर्यंत मी मौन पाळत असे. तेही काष्ठमौन. बोलायचं नाही, लिहून दाखवायचं नाही, खूणसुद्धा करायची नाही, लाकडासारखं राहायचं. रोजचं गुरुचरित्राचं वाचन आणि संध्याकाळचा जप हे वेगळं. पण हे मौन मी दत्तमहाराजांपुढे पाणी सोडून घेतलेलं होतं. मिरजेतल्या आमच्या तंत्रनिकेतनात मी संगणक विभागात प्रयोगशाळा सहायक होते. गुरुवारी सकाळी प्रात्यक्षिकं नसत, त्यामुळे नोकरीत ते निभून जाई. घरी तर सोयच झाली होती. आमचे हे म्हणायचे, "गुरुवारी सकाळी माझा पेपर सलग वाचून होतो."

नसीम शेवटच्या वर्षाला होती. तिच्या घरी सतारी बनवत. आजोबांच्या वडिलांनी सुरू केलेलं दुकान. पुढच्या फळ्या, मागे मातीची भिंत. त्या भिंतीवर पेन्सिलीनं मापं लिहिलेली असत. कुणासाठी केलेली सतार, तिची तार खालच्या घोडीपासून वरपर्यंत किती लांब, दांडीवरचे पडदे कितीकितीवर बांधले, भोपळ्याचा घेर किती. प्रत्येक मापाशेजारी त्या माणसाचं नाव. वीस-तीस वर्षांनी तीच सतार तडकून, पडदे सरकून परत आली की भिंतीकडे बघायचं आणि होती तशी करून द्यायची. वही कुणी कधी घातलीच नाही. वही हरवते, भिंत कुठे जाते, असं त्यांच्या घरात म्हणत.

रस्ता रुंद झाला तेव्हा भिंत गेली. पाडायच्या आदल्या दिवशी नसीमच्या वडिलांनी, हनीफभाईंनी, उसन्या कॅमेऱ्यानं भिंतीचे फोटो काढले. दाराकडच्या कोपऱ्यापासून सुरुवात करून वीत वीत सरकत बासष्ट फोटो. ते उतरवून घ्यायचे राहिले. महिन्याभरानं चुलतभावाच्या साखरपुड्याला तोच कॅमेरा हवा झाला, त्यावर "जागा नाही" असं आलं, आणि नसीमनं घाईत जे बटण दाबलं त्यानं कार्ड कोरं झालं.

तिच्या लगेच लक्षात आलं. कार्ड काढून तिनं रुमालात गुंडाळलं आणि मंगळवारी माझ्याकडे घेऊन आली होती. मी तिला सांगितलं होतं, "घाबरू नकोस. कार्ड कोरं झालं म्हणजे फोटो पुसले गेले असं नाही. कुठला फोटो कुठे आहे ही यादी तेवढी गेली. त्यावर दुसरं काही लिहिलं जात नाही तोवर फोटो जागच्या जागी असतात."

"मग मीच प्रोग्राम लिहिते, मॅडम. सी मध्ये. दुकानवाला म्हणतो कार्ड पंधरा दिवस ठेवून जा. मी नाही ठेवणार."

"लिही. गुरुवारी दुपारी ये. आधी स्टाफच्या मशीनवर कार्डाची नक्कल काढू, मग त्या नक्कलेवर चालवू."

असं ठरलं होतं. आणि ती सकाळीच आली.

"फक्त वाचून बघते," ती म्हणाली. "वाचल्यानं काय होतंय?" तिनं कार्ड लावलं, कागदावरचा प्रोग्राम टाइप केला. तिला वाचून दाखवायची सवय होती. माझ्यासाठी की स्वतःसाठी कोण जाणे. "पाचशे बारा बाइट उचलायचे. फोटोची सुरुवात ज्या चार खुणांनी होते त्या दिसल्या की नवी फाईल उघडायची. नाही दिसल्या की चालू फाईलमध्ये ओतत राहायचं. बरोबर आहे ना? नका सांगू, नका सांगू."

मग ती थांबली. लॅबच्या संगणकांवर मुलांना काही साठवता येत नसे. बंद करून चालू केला की सगळं धुवून निघे.

"निघालेले फोटो ठेवू कुठे? पेनड्राइव्ह घरी राहिला." तिनं जरा विचार केला. "कार्डावरच ठेवते. कार्ड तर रिकामंच आहे. दुपारी तुमच्या मशीनवर उतरवून घेऊ. चालेल ना, मॅडम?" ती माझ्याकडे वळली आणि हसली. "चालत नसेल तर नुसतं खोका. खोकल्यानं काही मोडत नाही."

मी खोकले नाही.

"नाही खोकलात. म्हणजे चालतंय," म्हणून तिनं बटण दाबलं.

मी सतरा नंबरच्या संगणकाचा कीबोर्ड उलटा केला आणि झटकला. मग अठराचा.

"दोनच?" मागून तिचा आवाज आला. "मॅडम, दोनच बाळं झाली. थोरलं आणि धाकटं. मधली साठ कुठे गेली?"

पहिला फोटो भिंतीचा नव्हताच. कॅमेरा जमतो का ते बघायला हनीफभाईंनी दुकानाच्या पाटीचा काढलेला होता. दुसरा होता तो अगदी शेवटचा, भिंतीच्या उजव्या टोकाचा, तोही खालून चिंध्या झालेला. नसीमनं प्रोग्राममध्ये काहीतरी बदललं आणि पुन्हा चालवला. पुन्हा दोन. आणखी काही बदललं. पुन्हा दोन. मी एकोणीस नंबर झटकला, वीस झटकला, मग बाहेर व्हरांड्यात जाऊन उभी राहिले. आतून चौथ्यांदा तिचा सुस्कारा ऐकू आला.

बारा वाजता मी आत येऊन कपाटातल्या दत्ताच्या तसबिरीपुढे खडीसाखर ठेवली, पाणी फिरवलं, हात जोडले आणि नसीमकडे वळले.

"कार्ड काढ," मी म्हटलं.

"आं?"

"आधी कार्ड काढ. त्यावर लिहायचं नाही. प्रोग्राम कार्डावरून वाचतोय आणि कार्डावरच लिहितोय. जे शोधायचं त्याच्यावरच नवीन टाकतोय आपण."

तिचा चेहरा उतरला. कार्ड हातात घेऊन ती तशीच बसली. मग हळूच म्हणाली, "मी विचारलं होतं, मॅडम. खोका म्हटलं होतं."

"माझं लक्ष नव्हतं गं," मी म्हटलं.

बारा वाजून दहा मिनिटं झाली होती.

"असेल," ती म्हणाली. "पंख्याचा आवाज पण किती आहे इथं."

मी स्टाफच्या मशीनचं कुलूप काढलं. कार्डाची जशीच्या तशी नक्कल एका फाईलमध्ये घेतली, कार्ड पाकिटात घालून पाकीट कपाटात ठेवलं. मग दोघी प्रोग्रामकडे वळलो. ते काम मी जितका जीव ओतून केलं तितका आयुष्यात क्वचितच दुसऱ्या कुठल्या कामात ओतला असेल. का, ते त्या मुलीला ठाऊक नव्हतं.

"फोटो सापडला की पडद्यावर काहीतरी छाप," मी सांगितलं. "नाव पण छाप. म्हणजे सापडत नाहीत की लिहिले जात नाहीत ते कळेल."

तिनं तसं केलं. पडदा भराभर भरला. सापडला, सापडला, सापडला. पन्नासच्या वर वेळा.

"सापडतायत की," ती म्हणाली. "पण नावं बघा. पहिला शून्य. मग एक. एक. एक. एक. सगळेच एक. एकावर एक लिहिले गेले आणि शेवटचा तेवढा उरला."

"मोजणी पुढे सरकत नाही."

"मी तर प्रत्येक वेळी एक वाढवलाय. हे बघा, इथं."

"वाढवलायस. मग कुणीतरी तो परत शून्य करतंय. नाव कुठे साठवलंस?"

"इथं. नाव आणि आकडा एकाच स्ट्रक्चरमध्ये, शेजारी शेजारी. नावाला सात बाइट, आकड्याला एक."

"नावाला सातच का?"

तिनं बोटं मोजली. "तीन आकडे, एक टिंब, जे, पी, जी. सात."

"आणि नाव संपलं हे कशावरून कळणार?"

तिनं कपाळावर हात मारला, अगदी हलकेच. "शेवटचा शून्य. तो दिसत नाही म्हणून मोजलाच नाही मी."

"दिसत नाही, पण त्याला जागा लागते. तू दिली नाहीस, म्हणून तो शेजारच्या घरात जाऊन बसला."

"आणि शेजारी आकडा. दर वेळी नाव लिहिलं की आकडा शून्य." ती खरोखरच हसायला लागली. "बिचारा आकडा. मी वाढवते, तो परत पडतो."

साताचे आठ केले. नावं पुढे सरकू लागली, पण फोटो खालून फाटकेच येत होते. ती फाईल उघडत होती, बंद कधीच करत नव्हती. शेवटचा भाग लिहायचा तसाच राहून जात होता. नवीन उघडायच्या आधी जुनी बंद कर, असं मी म्हटलं. तिनं केलं, आणि प्रोग्राम पहिल्याच पावलाला कोसळला.

"आता काय?"

"पहिला फोटो सापडतो तेव्हा आधीची फाईल कुठे असते? तू न उघडलेलं दार लावायला चाललीस."

"उघडी असेल तरच लावायची," तिनं पुटपुटत लिहिलं.

साडेतीन वाजता सगळे फोटो एका ओळीत पडद्यावर आले. दुबार आलेले आम्ही बाजूला केले आणि मोजले. एकावन्न निघाले.

तिनं पुन्हा मोजले. एकावन्नच.

"बासष्ट काढले होते," ती म्हणाली. "अब्बांनी मोजून काढले होते."

कोणते नाहीत ते बघायला वेळ लागला नाही. कोऱ्या केलेल्या कार्डावर नवीन लिहिताना ते सुरुवातीच्या जागेपासून लिहिलं जातं. सकाळी चार वेळा लिहिलं गेलं ते तिथेच. आणि सुरुवातीच्या जागेत होते ते दाराकडचे फोटो. हनीफभाईंनी तिथून सुरुवात केली कारण भिंतीची सुरुवातही तिथूनच झाली होती. ती मापं तिच्या पणजोबांच्या हातची होती.

नसीम रडली नाही. तिनं एकावन्न फोटो सीडीवर घेतले, सीडीवर तारीख लिहिली आणि म्हणाली, "सकाळी मी थांबले असते तर."

मी काही बोलले नाही. त्या वेळी बोलायला कुठलंच बंधन नव्हतं.

शनिवारी हनीफभाई आले. उंच, किडकिडीत माणूस, बोटांच्या टोकांना लाखेचे डाग. जाड भिंगांचा चष्मा, तोही दूरचं बघायला. बारीक अक्षर त्यांना चष्म्यानंही अगदी डोळ्यांपाशी आणल्याशिवाय दिसत नसे. हातात कागदात बांधलेली गुलाबाची फुलं होती.

"तुमच्या देवासाठी," ते म्हणाले. "नसीम सांगते तुमच्याकडे तसबीर आहे. बाई, तुमचे लई उपकार झाले. मी तर सगळं गेलं म्हणून सोडून दिलं होतं."

नसीमनं मोठ्या पडद्यावर फोटो लावले. ते नाक टेकेल इतके जवळ जाऊन बघत होते आणि नावं वाचत होते. हे हुबळीचे. हे कवठ्याच्या मास्तरांचं, माणूस तापट पण हात गोड. ह्या बाईनं लग्नानंतर वाजवायचं सोडलं, सतार मात्र दर दिवाळीला तारा बदलायला पाठवायची. एका फोटोवर थांबून हसले. "हे माझं अक्षर. दहा वर्षांचा होतो. वडिलांनी पाठीत घातली होती, आकडा तिरका लिहिला म्हणून."

मग फोटो संपले. त्यांनी मागे टेकून विचारलं, "आणि दाराकडचं?"

"नाही निघालं, अब्बा. माझ्यामुळं. मी कार्डावरच लिहिलं."

त्यांनी मुलीच्या डोक्यावर हात ठेवला. "जाऊ दे. मशीन आहे. माझ्या हातनं झालं असतं तर सगळंच गेलं असतं. एकावन्न आहेत ना. बाईंचा हात लागला म्हणून आहेत."

गुलाबाची फुलं माझ्या टेबलावर होती. मला ती तसबिरीला वाहायची होती, आणि वाहता येईनात.

"हनीफभाई," मी म्हटलं, "तिच्यामुळं नाही."

माझा आवाज मुळातच लहान. ते पुढे वाकले.

"तिनं मला विचारलं होतं. कार्डावर लिहू का म्हणून. चालत नसेल तर नुसतं खोका, असंही म्हणाली होती. मी ऐकलं होतं. कार्डावर लिहिलं तर काय होतं तेही मला माहीत होतं. मी खोकले नाही."

"तुमचं लक्ष नव्हतं म्हणालात," नसीम म्हणाली.

"खोटं बोलले."

ती माझ्याकडे बघतच राहिली.

"का?" हनीफभाईंनी विचारलं. आवाज चढला नव्हता. त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं.

"गुरुवारचं माझं मौन असतं. बारा वर्षांचं घेतलं होतं, एक तप. एकदाही मोडलेलं नाही. घरात आजारपणं झाली, सासूबाई गेल्या तेव्हाही गुरुवार होता, तेव्हाही नाही. खोकून सांगितलं तर ते सांगणंच. मोडलं की पुन्हा पहिल्यापासून." मी थांबले. पुढचं सांगायचं तर होतंच. "आणि एकच गुरुवार उरला होता. हा गेला की पुढचा शेवटचा. ती बटण दाबायच्या आधी माझ्या मनात एवढंच आलं. एकच उरलाय."

लॅबमधला पंखा फिरत होता. नसीम म्हणाली होती तेवढा आवाज त्याचा नव्हता.

हनीफभाई उठले. सीडी टेबलावर होती, ती नसीमनं उचलली. "चल," ते तिला म्हणाले. जिना उतरताना ते कठडा धरून एकेक पायरी चाचपत होते ते मी वरून बघितलं.

रविवार, सोमवार, मंगळवार असेच गेले. नेम मी चुकवला नाही. वाचन केलं, जप केला. फुलं लॅबच्या टेबलावर सुकली. घरी उद्यापनाची तयारी चालू होती. बारा मेहुणं सांगून झाली होती, आचारी ठरला होता, नणंदेनं दत्तासाठी भगवी शाल आणली होती. ह्यांना मी सगळं सांगितलं. त्यांनी पेपर खाली ठेवला, एवढंच.

बुधवारी नसीम लॅबच्या दारात उभी राहिली. आत आली नाही.

"म्हैसाळला द्वारकाबाई म्हणून आहेत," ती म्हणाली. पाठ करून आल्यासारखं बोलत होती. "ऐंशीच्या पुढच्या. त्यांच्याकडे पणजोबांच्या हातची सतार आहे, तिचं माप दाराकडच्या भिंतीवर होतं. त्यांचा मुलगा उद्या दुपारी त्यांना आणि सतारीला बंगळूरला घेऊन चाललाय. कायमचं. अब्बा सकाळी माप घ्यायला जाणार आहेत. टेप त्यांना धरता येतो, आकडा वाचता येत नाही. माझा उद्या पेपर आहे."

"मग?"

"अब्बा म्हणाले, बाईंना विचार." तिनं खाली बघितलं. "मी म्हटलं, अब्बा, उद्या गुरुवार आहे. ते म्हणाले, मला माहीत आहे."

"किती वाजता?"

"नऊला. रिक्षा तुमच्या दाराशी येईल." ती निघाली, मग वळली. "मॅडम, दुसरं कुणीपण आकडा वाचेल. शेजारचा अल्ताफ वाचेल. तुम्ही नाही आलात तर मी सांगेन, बरं नव्हतं म्हणून."

"तसं सांगू नकोस," मी म्हटलं.

रात्री ह्यांना विचारलं, "उद्यापनाचं काय करायचं?"

"काय करायचं म्हणजे? मेहुणं सांगितलीत. त्यांना जेवायला घाल."

"व्रत मोडलं तर उद्यापन कसलं?"

"जेवायला तुझं मौन कुठे लागतंय. पुरणाचं सांगितलंय आचाऱ्याला, ते परत थोडंच फिरवणार." मग थोड्या वेळानं दुसऱ्या कुशीवर वळत म्हणाले, "तुला जायचं का नाही ते तू बघ. मला विचारून तू मौन धरलं नव्हतंस."

गुरुवारी मी नेहमीसारखी उठले, स्नान केलं, पूजा केली आणि बोलले नाही. ठरलेलं काहीच नव्हतं. नऊला रिक्षा आली. हनीफभाई आत बसलेले होते. मला बघून सरकले आणि टेपचं चाक खिशातून काढून हातात फिरवत बसले. म्हैसाळपर्यंत मी बोलले नाही आणि त्यांनीही काही विचारलं नाही. रिक्षावाल्यानं दोनदा आरशातून आमच्याकडे बघितलं.

द्वारकाबाईंच्या घरी सामान बांधून दोऱ्या आवळलेल्या होत्या. सतार तेवढी मधल्या खोलीत चादरीवर ठेवली होती, काळपट पडलेली, भोपळ्यावर एक जुनी चीर. म्हातारी खुर्चीत बसून पहारा करत होती.

"हात धुतलेत का?" तिनं हनीफभाईंना विचारलं.

"धुतलेत, बाई."

"तुमच्या आजोबांना पण विचारायची. ते मात्र रागवायचे." मग माझ्याकडे बघून म्हणाली, "ह्या कोण? मुक्या आहेत का?"

हनीफभाई चादरीवर मांडी घालून बसले. सतारीच्या अंगावरून दोन्ही हात एकदा फिरवले, दांडीवर कुठेतरी बोट थांबवलं, भोपळ्याच्या चिरेवर थांबवलं. वही आणि पेन्सिल गुडघ्याशी ठेवली. मग टेपचं टोक घोडीवर धरून दुसरा हात दांडीवरून सरकवत नेला आणि वरच्या पट्टीशी अंगठ्यानं टेप दाबला.

"सांगा," ते म्हणाले.

मी त्यांच्या शेजारी वाकले. अंगठ्याच्या नखाशी टेपवरची रेघ होती, आणि ती मला स्वच्छ दिसत होती. भिंतीवरच्या घड्याळात पावणेदहा झाले होते. त्यांनी मान वर केली नाही. टेप दाबून धरलेला अंगठा पांढरा पडत चालला होता. हात हलला असता तर रेघ हलली असती.

"चौतीस इंच, तीन सूत," मी म्हटलं.

सकाळपासून न वापरलेला आवाज. बारीकच निघाला.

"मोठ्यानं, बाई," हनीफभाई म्हणाले. "मला लिहायचं आहे."

"चौतीस इंच, तीन सूत."

त्यांनी वही अगदी डोळ्यांपाशी नेली, आकडा लिहिला आणि शेजारी द्वारकाबाईंचं नाव लिहिलं. मग टेप पुन्हा घोडीवर धरला.

"पहिला पडदा," ते म्हणाले. "असे एकोणीस आहेत."